भाऊसाहेबांना कृषी खातं मिळालं तेव्हा

"तू त्या मान्साले बावीस महिन्यांत मोजून रायली, बाई. म्या त्याले अठ्ठ्याहत्तरपासून पाह्यलं."

"मग मोजायचं कुठं, मामा? ज्या खुर्चीसाठी इतकी वर्षं भांडला, त्या खुर्चीवर बसल्यावरच ना?"

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. खामगावजवळच्या खेड्यात राहतात. आयुष्यभर एका जिनिंगमध्ये दिवाणजी होते, शिवाय घरची कोरडवाहू शेती. बायको अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून शिकली आणि आता एका शेतकरी उत्पादक कंपनीचं काम बघते. विषय बावीस महिने राज्याचे कृषिमंत्री राहिलेल्या पांडुरंग पुंडलिक फुंडकरांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा. खामगाव-नांदुऱ्याकडे नुसतं 'फुंडकर' म्हणणारा माणूस एक तर विरोधी पक्षाचा असतो किंवा पुण्याचा. मी दुसऱ्या गटातला. घरात हे दोघं या विषयावर आले की जेवण लांबतं, आणि जावयाने मध्ये बोलायचं नसतं असा सासुरवाडीचा दंडक असल्यामुळे मला ऐकायला भरपूर मिळतं. त्यातलं जेवढं छापण्याजोगं, तेवढं इथे.

मामांचा हिशेब 1978 पासून सुरू होतो. त्या वर्षी फेब्रुवारीत विधानसभेची निवडणूक झाली. भाऊसाहेबांचा जन्म 21 ऑगस्ट 1950 चा, म्हणजे वय सत्तावीस. खामगावातून ते जनता पक्षाचे आमदार झाले.

"लाटेत कोणीही येतं निवडून," बायको म्हणाली. "जनता पक्षाचं तिकीट मिळालं की झालं."

"मंग ऐंशीचं सांग. ऐंशीत कोन्ती लाट होती? होती ते उलटी होती."

इथे मामांचं म्हणणं खोडता येत नाही. जनता पक्ष फुटला, 6 एप्रिल 1980 ला भारतीय जनता पक्ष स्थापन झाला आणि जेमतेम दोन महिन्यांत महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक आली. इंदिरा गांधी दिल्लीत परतल्या होत्या. नव्या पक्षाचं चिन्ह लोकांच्या ओळखीचं व्हायच्या आधीच मतदान झालं. अख्ख्या राज्यात भाजपचे 14 आमदार आले, त्यातला एक खामगावचा.

"चौदा," मामा म्हणाले. "आज एका जिल्ह्यात तेवढे तिकिटं मांगनारे रायतात."

पुढची उडी लोकसभेची. 1989 मध्ये भाऊसाहेब अकोल्यातून खासदार झाले. 1991 मध्ये पुन्हा झाले, आणि त्या वर्षीचा निकाल मामांना तोंडपाठ आहे. महाराष्ट्रातल्या 48 जागांपैकी भाजपच्या वाट्याला पाच आल्या. उत्तर मुंबईत राम नाईक, ठाण्यात राम कापसे, पुण्यात अण्णा जोशी, जळगावात गुणवंतराव सरोदे आणि अकोल्यात फुंडकर. "आता या पाचांत वऱ्हाडचा कोन? विदर्भाचा कोन? एकटा हाच." 1996 मध्ये तिसऱ्यांदा.

"पण अकोल्यातून का? माणूस बुलडाणा जिल्ह्याचा."

हा प्रश्न बायकोने मुद्दाम विचारला की खरोखर तिला माहीत नव्हतं, मला कळलं नाही. बुलडाणा लोकसभा मतदारसंघ 1977 पासून 2004 च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. 1980 मध्ये बाळकृष्ण वासनिक, 1984 मध्ये त्यांचे चिरंजीव मुकुल वासनिक, 1989 मध्ये भाजपचे सुखदेव काळे, मग आलटून पालटून वासनिक आणि शिवसेनेचे आनंदराव अडसूळ. मतदारसंघांची पुनर्रचना होऊन जागा खुली झाली ती 2009 ला, आणि तेव्हा ती प्रतापराव जाधवांनी घेतली. भाऊसाहेबांच्या ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या जिल्ह्याच्या नावाची लोकसभेची जागा त्यांना लढवताच येत नव्हती. शेजारच्या अकोल्यात जाऊन त्यांनी तीनदा जिंकून दाखवली, आणि शेवटी तिथेच 1998 मध्ये हरले. त्या वर्षी काँग्रेसने रिपब्लिकन पक्षाला चार जागा सोडल्या होत्या. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघेही निवडून आले. अकोल्यात आंबेडकर. वर्षभराने पुन्हा निवडणूक झाली तरी जागा आंबेडकरांकडेच राहिली.

"हे सगळं मान्य," बायको म्हणाली. "पडत्या काळात पक्षासोबत राहिला, हे कार्यकर्त्याला मोठं वाटतं. शेतकऱ्याला त्याचं काय?"

"काऊन नाई? अवं, तवा या पक्षाले लोक काय म्हनत? शेटजी-भटजींचा पक्ष. जिनिंगच्या दारात बैलगाड्या लागत अन् गाडीवाला इचारे, हा तुमच्या शेठचा पक्ष का? त्या पक्षाच्या स्टेजवर कास्तकाराच्या पोराले माइक भेटला, हे लहान काम हाये का?"

वसंतराव भागवतांनी सत्तरच्या दशकापासून महाराष्ट्रात जी माणसं हेरली, त्यांत गोपीनाथ मुंडे, अण्णा डांगे, ना. स. फरांदे अशी बहुजन समाजातली नावं आहेत. फुंडकर त्याच पिढीचे आणि त्याच घडणीचे. पुढे पक्षाचं प्रदेशाध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, विधान परिषदेत गेले आणि 2005 मध्ये तिथले विरोधी पक्षनेते झाले. 2011 पर्यंत ते पद त्यांच्याकडे होतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कस लागला तो याच सहा वर्षांत, आणि गंमत म्हणजे या वादात दोघंही त्या काळावर फार बोलत नाहीत.

तो काळ विदर्भात शेतकरी आत्महत्यांचा. जुलै 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंगांनी सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या सहांत बुलडाणा होता. 2008 मध्ये देशभराची कर्जमाफी आली, तिला दोन हेक्टरची अट होती. ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यात पाच एकर म्हणजे बरा शेतकरी. वऱ्हाडात पाच एकर कोरडवाहू म्हणजे पावसाने दगा दिला की मजुरीला जाणारा. तरी आठ-दहा एकरवाला इथे 'मोठा शेतकरी' ठरला आणि पूर्ण माफीतून बाहेर पडला. विरोधी बाकांना याहून धारदार मुद्दा कुठून मिळणार? आणि खामगावात तर सावकारीचं एक प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेतकऱ्याची तक्रार पोलिसांनी परस्पर नोंदवू नये यासाठी मुख्यमंत्री विलासराव देशमुखांच्या कार्यालयातून फोन गेला होता. उच्च न्यायालयाने ठोठावलेला 25 हजारांचा दंड सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये वाढवून 10 लाख केला, तोही राज्य सरकारला. ते पोलीस ठाणं आमच्या खामगावचं आणि परिषदेतला विरोधी पक्षनेताही खामगावचाच.

"त्या निकालाच्या दिवशी म्या पेढे वाटले होते," मामा म्हणाले. "भाजपचा म्हनून नाई हो, जवाईबापू. सावकाराच्या वहीत नाव असलेला मानूस म्हनून."

बायको यावर काही बोलली नाही. मामांच्या घरातलं सोनं कोणाकडे आणि किती वर्षं पडलं होतं, ते तिला माहीत आहे.

मग तिने आपली बाजू मांडायला घेतली.

2014 मध्ये भाजपचं सरकार आलं. भाऊसाहेबांचे चिरंजीव आकाश फुंडकर त्याच वर्षी खामगावातून आमदार झाले. 1999 पासून काँग्रेसकडे असलेली जागा त्यांनी घेतली. वडिलांना मात्र मंत्रिमंडळात जागा नव्हती. कृषी खातं एकनाथ खडसेंकडे होतं, तेही शेजारच्या मुक्ताईनगरचे. जून 2016 मध्ये खडसेंनी राजीनामा दिला आणि 8 जुलैला भाऊसाहेबांनी मंत्रिपदाची शपथ घेतली. पहिल्यांदा आमदार झाल्यापासून अडतीस वर्षांनी. राज्यात 1995 ला युतीचं सरकार होतं तेव्हा ते दिल्लीच्या राजकारणात होते, त्यामुळे मंत्री म्हणून हीच पहिली वेळ. वय पासष्ट पूर्ण, सहासष्टाला महिना-दीड महिना कमी.

"आणि मग काय झालं ते सांगते," बायको म्हणाली. "त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तूर इतकी पिकली की बाजार कोसळला. हमीभाव बोनससकट 5,050. बाजारात हजार-हजार रुपये कमी. नाफेडच्या केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा, आणि माल घ्यायला बारदाना नाही. एप्रिल 2017 मध्ये खरेदीच बंद केली. तुम्ही स्वतः मार्केट यार्डात पोत्यांवर झोपला होतात, मामा."

"झोपलो होतो. पन तूर खरेदी पनन खात्याची. कृषीची नाई."

"जूनमध्ये पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप पेटला. मग 34,022 कोटींची कर्जमाफी. दीड लाखापर्यंत. नवरा-बायको दोघांनी ऑनलाइन फॉर्म भरायचा, अंगठा उमटवायचा. तुमच्या अंगठ्याची रेघ उमटेना, तीन केंद्रं फिरलो आपण."

"ते सहकार खातं. अन् त्या माफीत जमिनीची अट नव्हती, हे नाई सांगत तू. आठले होती, सतराले नव्हती."

"सांगते ना. अट काढली हे चांगलं केलं. पण त्या निर्णयाच्या फोटोत सगळ्यात पुढे कोण होतं? मुख्यमंत्री. कृषिमंत्री कुठे होते?"

"त्याच वर्षी यवतमाळले फवारनीत मानसं मेले, तेही त्याच्याच डोक्यावर टाक."

"ते तर टाकणारच. कीटकनाशक कोणतं विकलं जातंय, कोण कशात काय मिसळून मारतंय, हे बघणारे गुणनियंत्रण निरीक्षक कृषी खात्याचे. वीसएक माणसं गेली. तिथे पणनचं नाव नाही सांगता येत."

मामा गप्प झाले नाहीत, पण त्यांनी पानाचा डबा उघडला. वऱ्हाडात याचा अर्थ मुद्दा लागला असा.

या भांडणात मी मनातल्या मनात दोघांना अर्धे-अर्धे गुण देत होतो. राज्याच्या कृषिमंत्र्याकडे असतं काय? हमीभाव केंद्र ठरवतं. खरेदी पणन खात्याची. कर्ज सहकाराकडे, पाणी जलसंपदाकडे, वीज ऊर्जेकडे. बीटी वाणाला मंजुरी देणारी समिती दिल्लीत. कृषिमंत्र्याच्या हातात उरतो कृषी सहायक, बियाण्या-खतांची तपासणी, पीक विम्याचा पाठपुरावा आणि अनुदानाच्या योजना. शेतकऱ्याच्या रागाला मात्र पत्ता एकच, 'कृषिमंत्री'. मामांचा मुद्दा त्यामुळे खोटा नाही. पण हे खात्यांचं वाटप विरोधी बाकावर बसलेला पुढारी कधी ऐकून घेतो का? तूर असो, कापूस असो, तो सगळं सरकारच्या एकाच पदरात घालतो, आणि घालायलाच हवं. भाऊसाहेब तर ते काम सहा वर्षं अधिकृतपणे करत होते. मंत्री झाल्यावर 'हे माझ्या खात्यात येत नाही' असं म्हणायची सोय त्यांच्यासारख्या माणसाला उरतच नाही. ती सोय मामा घेतात, भाऊसाहेबांच्या वतीने.

खरी परीक्षा मात्र बोंडअळीची होती, आणि ती पूर्णपणे त्यांच्या खात्यातली.

2017 च्या दिवाळीच्या सुमारास मामांच्या शेतात मीही गेलो होतो. झाडं कमरेच्या वर, हिरवीगार, बोंडांनी लगडलेली. लांबून पाहिलं तर आठ-दहा क्विंटलचा उतारा पडेल असं वाटावं. बायकोने एक हिरवं बोंड तोडलं आणि अंगठ्याच्या नखाने चिरलं. आत सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. दुसरं बोंड चिरलं, तिसरं चिरलं. बाहेरून बोंडावर भोक नाही, डाग नाही. फुलं उमलायच्या आधीच पाकळ्या गुंडाळून बसलेली, इकडे त्याला डोमकळी म्हणतात. जे बोंड फुटलं होतं त्यातला कापूस पिवळा, चिकटलेला, कवडी. वेचणीला बाया यायला तयार नव्हत्या, कारण दिवसभर वेचून शेर वाढत नाही. बीटी कपाशी आली तेव्हा अळी मरेल असं सांगूनच ती विकली गेली होती. तिला दाद न देणारी गुलाबी अळी गुजरातेत आधीच दिसली होती. इकडे वेचणी झालेलं पीक मार्च-एप्रिलपर्यंत फरदड म्हणून शेतात ठेवायची सवय, म्हणजे अळीला बारमाही बिऱ्हाड. तेव्हा 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत येणारी 120 ग्रॅम बिगर-बीटीची पुडी कडेने लावायची असे, ती कोणीच लावत नसे.

डिसेंबरमध्ये नागपूर अधिवेशनात भाऊसाहेबांनी मदत जाहीर केली. कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 30,800 आणि बागायतीला 37,500 रुपये.

"किती गोड आकडा," बायको म्हणाली. "आता फोड करून बघा. कोरडवाहूचे 6,800 आपत्ती निवारणाचे. 8,000 पीक विम्याचे, म्हणजे ज्याने विमा काढला त्यालाच. आणि 16,000 बियाणे कंपनीने द्यायचे. अर्ध्याहून जास्त रक्कम अशी, जी सरकारच्या खिशात नव्हतीच. दुसऱ्याच्या खिशावर टाकलेला चेक!"

"कायद्यात होतं ते. कापूस बियान्याचा कायदा हाये ना, 2009 चा."

"आहे. आणि त्या कायद्याप्रमाणे काय करायचं होतं? शेतकऱ्याने जी फॉर्म भरायचा. सोबत बियाण्याचं पक्कं बिल, पाकीट, सातबारा. मग समितीने शेतात येऊन एच फॉर्ममध्ये पंचनामा, मग आय फॉर्म. मग सुनावणी. मग कंपनीचं अपील. बिल होतं का तुमच्याकडे?"

"अर्ध्याचं होतं."

"आणि बाकी अर्धं बियाणं?"

मामांनी उत्तर दिलं नाही. तणनाशक सहन करणारं, बिना मंजुरीचं बियाणं त्या वर्षी वऱ्हाडात कुठून कुठून आलं आणि ते कोणाकोणाच्या शेतात गेलं, हे गावात सगळ्यांना माहीत असतं आणि पंचनाम्यात कोणालाच माहीत नसतं. त्याचं बिल कोण देणार?

"मी स्वतः गावातले फॉर्म भरले," बायको पुढे म्हणाली. "रात्री बारापर्यंत. पाकिटावरचा लॉट नंबर वाचता येत नव्हता, ओलीने पुसलेला. ज्या कंपनीचं बियाणं होतं तिचा माणूस शेतात येऊन सांगून गेला, तुम्ही बिगर-बीटी लावलं नाही, दोष तुमचा. आणि तुम्हाला शेवटी काय मिळालं, मामा? आपत्तीचे तेवढे आले. कंपनीचा पैसा आजवर नाही."

"मंग त्यानं काय करावं होतं? तू सांग. तू कृषी शिकली ना."

हा प्रश्न चांगला होता. त्यावर बायको थेट अमेरिकेत गेली. तिला एका माणसाचं फार कौतुक आहे आणि तितकाच रागही. हेन्री वॉलेस. आयोवा राज्यातला मक्याचा शेतकरी-संशोधक. संकरित मक्याचं बियाणं विकणारी कंपनी त्याने 1926 मध्ये काढली. 1933 मध्ये फ्रँकलिन रुझवेल्टने त्याला कृषिमंत्री केलं. मंदीमुळे कापसाचा भाव मातीमोल झालेला, गोदामं भरलेली, आणि शेतात नवं पीक उभं. वॉलेसने शेतकऱ्यांना पैसे देऊन सुमारे एक कोटी एकरांवरची उभी कपाशी नांगरून टाकायला लावली. ओळीतल्या झाडावर पाय द्यायचा नाही असं आयुष्यभर शिकवलेली खेचरं त्या नांगराला जुंपल्यावर अडून बसत, असं तिथले लोक सांगत. त्याच वर्षी डुकरांची साठ लाख पिल्लं मारली. देशभर शिव्या खाल्ल्या. पण भाव वर आला.

"म्हणजे कृषिमंत्री असा असतो," बायको म्हणाली. "किती पेरायचं, किती नाही, न पेरण्याचे पैसे कोण देणार, सगळं एका हातात. चुकला तर तोच चुकला. जमीन मालकांनी ते सरकारी पैसे घेतले आणि बटईवाल्यांना शेतावरून हाकललं, ते पापही त्याचंच. पणन खातं, सहकार खातं असं सांगत बसला नाही."

"पुढं काय झालं त्याचं?"

"उपराष्ट्राध्यक्ष झाला, 1941 ला. मग 48 ला वेगळा पक्ष काढून राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि सपाटून पडला."

"अन् त्याचा बाप?"

बायको क्षणभर थांबली. मामांना हे कुठून कळलं, मला अजून कोडं आहे. बहुधा अंदाजाने टाकलेला दगड.

"बापही कृषिमंत्री होता," ती म्हणाली. "1921 ते 24."

मामा इतके मोठ्याने हसले की आतून मामी बाहेर आल्या. "ऐकलं का व? तठीही बापाच्या मांगं पोरगं! अन् आमच्या आकाशले म्हनते घरानेशाही!"

खामगावात हा विषय हसण्यावारी जातो, पण तो तितका हलका नाही. आकाश फुंडकर 2014, 2019 आणि 2024 असे सलग तीनदा निवडून आले आणि डिसेंबर 2024 मध्ये राज्याचे कामगारमंत्री झाले. काँग्रेसच्या घराणेशाहीवर बोलून वाढलेल्या पक्षात ही गोष्ट आता कोणाला खटकत नाही. वडिलांना जे पद साठीनंतर मिळालं त्या पायरीला मुलगा ऐन वयात पोचला. मुलात धमक नाही असं कोणी म्हणणार नाही, तीन निवडणुका काही नुसत्या नावावर जिंकता येत नाहीत. पण ज्या वाटेने सत्तावीस वर्षांचा, मागे कोणी नसलेला कास्तकाराचा मुलगा 1978 मध्ये विधानसभेत गेला, ती वाट आज त्याच पक्षात तशाच मुलाला मोकळी आहे का? मला तरी दिसत नाही. बायकोचा खरा मुद्दा हा होता, पण वॉलेसच्या बापाने तो घालवला.

31 मे 2018 ला भाऊसाहेब मुंबईत हृदयविकाराने गेले. खरीप तोंडावर होता. त्या खरिपापासून राज्य सरकारने फळबाग लागवडीची एक योजना सुरू केली आणि तिला त्यांचं नाव दिलं, भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना. मामांच्या बांधापलीकडे सीताफळाची जी झाडं आहेत ती याच योजनेतली, आणि वादाची सुरुवातही तिथूनच झाली होती.

"हे तरी मान की नाई?" मामा म्हणाले. "रोजगार हमीत फळबाग पाह्यजे तं जॉब कार्ड लागे, दोन हेक्टरच्या आत जमीन लागे. ज्याच्याकडं जॉब कार्ड नाई तो बाह्यर. हे योजना त्या बाह्यरच्याइसाठी."

"मानते. चांगली योजना आहे. मीच तुमचा अर्ज भरला होता."

योजना खरंच सुबक आहे. सोळा फळपिकं, त्यात सीताफळ, चिंच, आवळा, जांभूळ अशी कोरडवाहूची झाडं. आपल्या भागात कमीत कमी अर्धा एकर, जास्तीत जास्त सहा हेक्टर. खड्डे खोदणं, कलमं, नांग्या भरणं यांचा खर्च सरकारचा, सुरुवातीच्या वर्षांत ठिबकाचाही. जमीन तयार करणं, शेणखत-मातीने खड्डे भरणं शेतकऱ्याचं. अनुदान तीन वर्षांत, आधी पन्नास टक्के, मग तीस, मग वीस. पण पुढचा हप्ता झाडं जगली तरच. कृषी सहायक येऊन झाडं मोजतो.

"आणि झाडं जगवायची कशावर?" बायकोने विचारलं. "ठिबकाला पैसे दिले, ठिबकात सोडायला पाणी? एप्रिलमध्ये विहिरीत बादली बुडत नाही. पाणी जलसंपदा खात्याचं, बरोबर ना मामा?"

आता हसण्याची पाळी तिची होती.

"मी काय म्हणते ते समजून घ्या," ती जरा खालच्या आवाजात म्हणाली. "माणूस वाईट होता असं मी म्हणतच नाही. गावात यायचा, नावानिशी हाक मारायचा, हे मलाही माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की अडतीस वर्षं ज्याने शेतकऱ्याच्या नावाने आवाज लावला, त्याने खातं घेताना मुख्यमंत्र्यांना विचारायला हवं होतं, पणनही द्या, नाहीतर कृषी नको."

"असं इचारलं असतं तं भेटलं असतं का?"

"नसतं मिळालं. मग घ्यायचं नव्हतं."

"अवं, अडतीस वर्षं वाट पाह्यलेला मानूस आलेलं ताट परत करन का? खडसे गेले म्हनून जागा खाली झाली. नाई तं भेटलंच नसतं."

"तेच. चौदा आमदार होते तेव्हा हा त्यांत होता. पाच खासदार होते तेव्हाही होता. मग 2014 ला पक्षाचे सव्वाशे आमदार आले तेव्हा पहिल्याच दिवशी याचं नाव यादीत का नव्हतं? त्याचा हिशेब तुम्ही माझ्याकडे का मागता? मी तर शेतकऱ्याच्या बाजूने बोलतेय. पक्षाने त्याला दोन वर्षं बाहेर बसवलं, यावर तुम्ही एकदा तरी बोललात?"

मामांनी सुपारी कातरली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"बोललो ना," ते म्हणाले. "पंधरा साली तालुक्याच्या बैठकीत उठून बोललो. मले म्हने, काकाजी, पोराले तिकीट देलं ना, आनखी काय पाह्यजे."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलो, पोराचं पोराले देलं. बापाचं बाकी हाये."

"आणि ते?"

"त्याइनं चहा मांगवला."